त्याची मुलाखत कधीच आली नाही

"ताई, मी एका मध्यवर्ती कारागृहात तुरुंगाधिकारी आहे. घरफोडीची शिक्षा भोगणाऱ्या एका तरुणाला मी जीव लावला. त्याला सुतारकामाला लावले, मुक्त विद्यापीठाच्या परीक्षेला बसवले. मुलाखतीला, म्हणजे तुरुंगातल्या भेटीला, त्याचे कधी कोणी आले नाही, पण वर्तन उत्तम होते. सुटून वर्ष होत नाही तोच तो तशाच गुन्ह्यात न्यायाधीन (खटला चालू असलेला) बंदी म्हणून परत आला. सहकारी हसतात. मी त्याच्या बराकीकडे फिरकत नाही. कारखाना विभाग सोडून कार्यालयात बदली मागावी का?"

तुमच्या पत्रात सुतारकाम आहे, परीक्षा आहे, आणि दुखावलेला अभिमान तर ओळीओळीत आहे. पण मी अडले ती मुलाखतीच्या वाक्यावर, जे तुम्ही 'पण' म्हणून चटकन ओलांडून गेलात. इतकी वर्षे ज्याला भेटायला एकही माणूस आला नाही, त्याच्याबद्दल तुम्हाला याहून अधिक काहीच सांगावेसे वाटले नाही, याचा मला राग आला आहे.

संचित रजेसाठी, म्हणजे शिक्षेच्या काळात काही दिवस घरी जाण्याच्या सुट्टीसाठी, बंद्याला जामीनदार लागतो आणि पोलिसांचा अहवालही लागतो, हे तुम्हाला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. ज्याच्या भेटीलाही कोणी येत नाही, त्याला जामीन कोण राहणार? म्हणजे हा मुलगा शिक्षेच्या काळात बहुधा एकदाही बाहेर गेला नसणार. इतर बंदी रजेवर घरी जाऊन येतात, बदललेली गल्ली पाहतात, कोण दारात उभे करील आणि कोण तोंड फिरवील याचा अंदाज घेतात. याला ते सगळे सुटकेच्या दिवशी एकदम सामोरे आले. हातात कापडी पिशवी, साठलेली मजुरी आणि परीक्षेचा कागद. खोली भाड्याने द्यायला घरमालक ओळखीचा माणूस मागतो, फर्निचरच्या कारखान्याचा मालकही तेच मागतो, आणि काहीही न विचारता जवळ करणारी माणसे उरतात ती जुन्या टोळीतली. ज्यांचे कुलूप फुटले त्यांचे नुकसान खरे आहे, आणि गुन्हा सिद्ध झाला तर शिक्षा त्याने भोगलीच पाहिजे. मात्र तुम्ही त्याला रंधा धरायला शिकवलेत आणि तो कोणाच्या घरी जाणार हे विचारले नाहीत, एवढेही तितकेच खरे आहे.

औंध संस्थानात 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत उभी राहिली, तेव्हा बंद्यांना शेतीबरोबरच बायकामुलांसह राहण्याची मुभा मिळाली. अलीकडे तुमच्याच विभागाने 'गळाभेट' सुरू केली, ज्यात बंद्याला आपल्या लेकरांना जवळ घेता येते. कोणीतरी आपली वाट पाहत आहे, हे कळल्याशिवाय हातातले कौशल्य टिकत नाही, हे ओळखूनच ही पावले टाकलेली आहेत.

बदलीचा अर्ज लिहू नका. उद्या कामावर गेल्यावर पहिल्यांदा त्याच्या बराकीत जा. 'असे का केलेस' हा प्रश्न त्याला पोलिसांनी विचारून झाला आहे, तो तुम्ही विचारू नका. 'तुझे कोण आहे' एवढेच विचारा आणि उत्तर यायला वेळ लागला तरी थांबा. बहीण, मामा, एखादे शाळेतले मास्तर, कोणाचे तरी नाव निघेल. मग अधीक्षकांच्या परवानगीने परिविक्षा अधिकाऱ्यामार्फत (प्रोबेशन ऑफिसर) त्या माणसापर्यंत पोहोचा, आणि प्रवासखर्च परवडत नसेल तर ई-मुलाखत, म्हणजे व्हिडिओवरची भेट, जोडून द्या. पहिल्या खेपेला तिकडून नकार येईल, कदाचित शिव्याही येतील, कारण त्या घरानेही त्याच्यापायी बरेच भोगलेले असते. महिन्याभराने पुन्हा विचारा.