जखमेत किडे पडू नयेत म्हणून इंजेक्शन कधी द्यायचं?

या आठवड्यात तीनचार जणांनी एकच प्रश्न विचारलाय, की बैलाला किंवा वासराला जखम झाली की आयव्हरमेक्टिनचं, म्हणजे किडे मारणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन आधीच मारून ठेवलं तर किडे पडत नाहीत हे खरं का, आणि किती मिली द्यायचं.

खरं आहे, पण दिवस महत्त्वाचा. माशी जखमेच्या कडेला एका वेळी शंभर-दोनशे अंडी घालते आणि बारा ते चोवीस तासांत अळ्या बाहेर येऊन मांस खात आत घुसतात, म्हणजे आज दुपारी शिंग मोडलं तर उद्या संध्याकाळी बघू म्हणणाऱ्याचं काम वाढलंच समजा. आयव्हरमेक्टिन नाहीतर डोरामेक्टिन जखम झाली त्याच दिवशी दिलं तर औषध अंगात असल्यामुळे कोवळ्या अळ्या वाढायच्या आधीच मरतात. आसडी, म्हणजे याच अळ्या, मोठी होऊन आत पोकळी केल्यावर मात्र नुसत्या इंजेक्शनवर भरवसा ठेवू नका. डोरामेक्टिन जास्त दिवस टिकतं, म्हणून खच्चीकरण किंवा शिंगं काढायची असतील तर मी तेच सुचवतो, आणि शक्यतो माशा कमी असतात त्या दिवसांत ते काम उरकून घ्या.

डोस नजरेनं ठरवू नका. एक टक्क्याचं औषध असेल तर 50 किलोला 1 मिली, कातडीखाली. मांसात नको, शिरेत तर अजिबात नको. काटा नसेल तर टेप घ्या, पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात मोजा, घेर गुणिले घेर, गुणिले खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी, भागिले 660. घेर 60 आणि लांबी 55 भरली तर वजन 300 किलो, म्हणजे 6 मिली. कमी डोस मारून मारून गोचीड औषधाला दाद देईनाशी होते, आणि मग तीच गोचीड चावलेल्या जागी माशी बसते!

आता दुभत्या गाईचं. दूध माणसांना जात असेल तर ही दोन्ही इंजेक्शनं तिला देऊ नका, डॉक्टरांना एप्रिनोमेक्टिनबद्दल विचारा, ते पाठीवर ओतायचं असतं आणि दूध टाकून द्यावं लागत नाही. गाभण असेल तरी आधी विचारा. आणि उरलेलं औषध कुत्र्याला टोचायचा उद्योग करू नका, काही जातींना ते जीवावर बेततं.

औषध दिलं तरी जखम धुवून आयोडीन लावणं चुकत नाही. व्यायल्यावर वासराची नाळ लगेच आयोडीनमध्ये बुडवा, ती जागा सगळेच विसरतात. रोज बघायचं म्हणजे लांबून नाही. परवा एका कालवडीच्या कानाला बिल्ल्याचं भोक होतं, वरून खपली, मालक म्हणाले बरं झालंय, पण ती सारखी कान झाडत होती, वास येत होता आणि खपलीखालून पातळ लालसर पाणी गळत होतं. खपली उचलली तर आत गव्हाच्या दाण्याएवढ्या अळ्या, डोकी आत आणि शेपट्या वर! त्या शेपटीकडूनच श्वास घेतात, म्हणून टर्पेंटाईनचा बोळा पाचदहा मिनिटं दाबून ठेवला की वर येतात, मग चिमट्यानं एकेक काढायच्या. आत तुटलेली राहू देऊ नका. फिनेल ओतू नका, मांस जळतं आणि जखम आणखी चिघळते. काढलेल्या अळ्या गोठ्याबाहेर फेकून दिल्या की मातीत शिरून कोष करतात आणि नव्या माशा होऊन परत येतात, त्यामुळे उकळत्या पाण्यात टाका.

डोळ्याजवळ, कासेला किंवा मायांगात किडे दिसले तर घरी हात घालू नका, थेट डॉक्टरांना बोलवा. आणि इंजेक्शनची तारीख लिहून ठेवा, जनावर विकताना बाटलीवर दिलेला मांसाचा थांबा काळ (औषधानंतर मांस वापरायच्या आधी थांबायचे दिवस) संपलाय का ते तेव्हा बघावं लागतं.