संकासुराला सूत्रधार लागतो

*ताई, मी २९ वर्षांचा, पेडण्याचा, नोकरी पणजीत. गावच्या जत्रेतल्या नाटकात विनोदी काम दरवर्षी माझ्याकडेच असतं, लोक शिट्ट्या मारतात. पण मुलगी बघायला गेलो की सगळं फसतं. आतापर्यंत तीन नकार आले. तिसरीने मध्यस्थाला सांगितलं, ‘मुलगा चांगला आहे, पण थांबत नाही.’ वातावरण हलकं व्हावं म्हणून मी जोक सांगतो, मोबाइलमध्ये निवडक दीडशे साठवलेत. येत्या शनिवारी म्हापशाच्या मुलीला पणजीत भेटायचं आहे, घरच्यांशिवाय. चार सभ्य विनोद सुचवा. आणि पुढे तिच्या घरी जायची वेळ आली तर वडिलांशी काय बोलू?*
*– हसवणारा, पेडणे*

अहो हसवणारे,

विनोद एकही सुचवणार नाही. आहेत तेच दीडशे जास्त झालेत.

नाटकातलं तुमचं यश खरं, पण ते गणित वेगळं. जत्रेच्या मांडवात चारशे माणसं बसतात. दहाजण हसले की बाकीच्यांना हसू येतं, आणि ज्याला कळलं नाही तो शेजाऱ्याकडे बघून हसतो. शिवाय ती हसायलाच आलेली असतात. टेबलापलीकडे एकटी बसलेली मुलगी तुम्हाला जोखायला आलेली असते. तुमचा जोक संपला की तिच्या अंगावर काम पडतं, हसण्याचं. पहिल्याला ती मनापासून हसेल, दुसऱ्याला रीत म्हणून, तिसऱ्याला गाल दुखतील आणि चौथ्याला ती घड्याळ बघेल.

त्या दीडशेत नवरा-बायकोचे किती, हे एकदा मोजा. त्यांतली बायको कोण असते? साडी मागणारी, लाटणं उगारणारी, माहेरी गेली की नवरा मित्रांना जेवायला बोलावतो ती. समोर बसलेली मुलगी त्याच जागेचा विचार करायला आली आहे, म्हटल्यावर तिला काय ऐकू जात असेल? ‘घाटी’ लोकांवरचे विनोद आपल्याकडे सर्रास चालतात, तेही पुसून टाका. म्हापशातल्या मुलीची आई बेळगावची की कोल्हापूरची, हे तिच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. मराठी-कोकणी वादाचा विषय तर शनिवारी काढूच नका. तो काढला की दोन तास कुठे गेले कळत नाही, आणि मुलीचं नाव विचारायचं राहून जातं.

जोकाच्या जागी किस्सा सांगा. जोक कुणाचाही असतो, तिच्याही मोबाइलमध्ये तो येऊन गेलेला असतो. किस्सा तुम्ही पाहिलेला असतो, आणि तुम्ही काय पाहता यावरून माणूस कळतो. समजा, बाजारात तुम्हाला एक गृहस्थ दिसले. त्यांनी बांगडा उचलला, कल्ला उघडून पाहिला, डोळा दाबला, पोट दाबलं, वास घेतला, खाली ठेवला. दुसरा उचलला, पुन्हा तेच. मासळीवाली बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणते कशी, ‘पात्रांव, बांगडो घेवपाक आयला काय चली पळोवपाक?’ (पात्रांव म्हणजे मालक, चली म्हणजे मुलगी, पळोवपाक म्हणजे बघायला.)

हाच किस्सा तुम्ही कसा सांगाल, याचा अंदाज येतो. ‘परवा सोमवारी... नाही, सोमवारी आमच्याकडे शिवराक, मासे नाहीत, म्हणजे मंगळवार असेल. तर माझा मित्र आहे, तो पर्वरीला राहतो, त्याची स्कूटर बंद पडली म्हणून...’ मासळीपर्यंत पोचेस्तोवर बांगडे कुजले. वार, मित्र, पर्वरी, स्कूटर सगळं काढा. चाळीस सेकंद, पाच-सहा वाक्यं. पण कल्ला, डोळा, पोट, वास यांतलं काही गाळू नका, कारण मासळीवालीचं वाक्य त्यांच्याच खांद्यावर उभं आहे. ते वाक्य तुम्हा दोघांवरच येऊन पडतं, म्हणून तर हसू येतं.

आपल्या भाषेची एक खोडही सांभाळा. मराठीत दुसऱ्याचं बोलणं सांगताना मागे ‘असं ती त्याला म्हणाली’ हे शेपूट लागतं. हसू फुटणार, तेवढ्यात वर चार शब्द पडतात आणि ते विझतं. यावर उपाय जुन्या सांगणाऱ्यांनीच काढून ठेवलाय, तो म्हणजे ‘म्हणते कशी’. ते आधी म्हणा, एक श्वास थांबा, मग तिचं वाक्य, आणि तोंड बंद. कोकणी वाक्य कोकणीतच राहू द्या. त्याचं मराठी केलंत की मासळीवाली एकदम शाळेत शिकवायला लागते.

तोंड बंद केल्यावर नजर कुठे ठेवायची, इथे नाटकवाला नेमका फसतो. रंगमंचावर टाळीसाठी थांबायची तुम्हाला सवय आहे. तसं टेबलावर थांबून तिच्या तोंडाकडे बघत राहिलात तर ते वसुलीला आल्यासारखं दिसतं. कप उचला, घोट घ्या. हसली तर ऐकू येईलच. नाही हसली तर ‘कळलं का?’ विचारू नका, आणि समजावून तर मुळीच सांगू नका.

तुम्ही पेडण्याचे, म्हणजे दशावतारी पाहतच वाढलेले असणार. त्या नाटकातला संकासुर एवढा हसवतो, पण एकटा उभा राहून नाही. त्याच्याशी बोलायला सूत्रधार असतो. तो विचारतो, अडवतो, न कळल्यासारखं करतो, म्हणून संकासुराला बोलायला जागा मिळते. तुम्ही आतापर्यंत तिन्ही मुलींसमोर संकासुर केलात. शनिवारी सूत्रधार करा. एक किस्सा तुमचा झाला की पुढचा तिचा. ‘तुमच्याकडे बाजार कोण करतं?’ एवढा प्रश्न पुरे. मग मनात दहापर्यंत आकडे मोजा. तुम्हाला तीन सेकंद शांतता म्हणजे वीज गेल्यासारखी वाटते आणि लगेच तुम्ही मेणबत्ती म्हणून जोक पेटवता. ती मात्र तेव्हा आठवत असते. तिने सांगायला सुरुवात केली की मध्येच ‘माझंही अगदी असंच झालं’ म्हणायचं नाही. तिसऱ्या नकाराचं मूळ मला याच वाक्यात दिसतं.

थट्टा करायची तर स्वतःची, तीही एकदाच. टकलावर नाहीतर पगारावर सारखं हसणारा माणूस सांत्वन मागतोय असं वाटतं.

जागेचंही बघा. पणजीत सकाळच्या गर्दीच्या हॉटेलात टेबल वाटून घ्यावं लागतं. पातळभाजीत पाव बुडवत बसलेला तिसराच गृहस्थ तुमच्या किश्शाला हसतो आणि मुलगी आक्रसते. गर्दी ओसरल्यावर जा, चहा-भाजीपाव अर्ध्या तासात उरका आणि रायबंदरहून चोडण बेटाची फेरीबोट धरा. पाणी, खारफुटी, उभे राहिलेले लोक. दोघांना एकाच बाजूला बघता येतं, त्यामुळे गप्प राहिलं तरी चालतं. फेरी चालू असताना मात्र किस्सा सांगू नका. इंजिनाच्या आवाजात नेमका शेवटचा शब्द बुडतो, आणि ‘काय?’ म्हटल्यावर दुसऱ्यांदा ओरडून सांगितलेला विनोद दवंडीसारखा लागतो. धक्का यायच्या आधीच स्कूटर सुरू करून बसणाऱ्यांकडे बघून ती काही बोलली, तर त्यावर हसायचं काम तुमचं.

घरी गेल्यावर एकच मेसेज, फॉरवर्ड नव्हे. तिने सांगितलेल्यातलं काहीतरी लक्षात राहिलं, एवढं त्यात कळलं की झालं. पुढे हसरे चेहरे चिकटवू नका.

आता वडील. तिथे तुमच्याकडे सांगण्यासारखं काही नाही असं धरून चला. काजू, पाऊस, जत्रेतलं जुनं नाटक, यांतलं काहीही विचारा आणि ऐका. ते सांगतील तो विनोद तुम्ही आधी ऐकलेला असेल, तरी शेवट त्यांच्या तोंडून काढून घेऊ नका. हंगामात त्यांनी उर्राक, म्हणजे काजूची दारू, पुढे केली आणि तुम्ही घेत असाल, तर एक ग्लास. दुसऱ्यानंतर चाळीस सेकंदांचा किस्सा दहा मिनिटांचा होतो. आणि लग्नाच्या नोंदणीला आपल्याकडे वेगवेगळ्या दिवशी दोन सह्या कराव्या लागतात, त्यावरून ‘पहिली झाली तरी पळायला वाव असतो’ हा विनोद गोव्यातल्या प्रत्येक होणाऱ्या जावयाला सुचतो. तुम्हालाही सुचेल. तो सासऱ्यांनी केला तर हसा.

– ताई