विचारा की! पियानो, पोट आणि पावसाळा

गेल्या अंकात पियानोवर मी सहज चार ओळी लिहिल्या काय आणि एवढी पत्रं, एवढे मेसेज आले की संपादक म्हणाले या वेळचं सगळं सदर त्यावरच करून टाका. निम्मी पत्रं आईबापांची आहेत. मोठं पत्र आधी घेते.

प्रश्न : मॅडम, कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. मुलगी अकरावी सायन्सला, सात वर्षं पियानो शिकतीय, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षेची सहावी ग्रेड झाली. आता म्हणते इंजिनिअरिंग नको, मी पियानिस्ट आणि कंपोझर होणार, क्लासिकल पण आजच्या काळातलं. त्या इटलीच्या पियानिस्ट-कंपोझर आयनाउदीचे व्हिडिओ दाखवते. ऐकायला बरं वाटतं, पण यात करिअर म्हणजे नेमकं काय आणि महिन्याला पैसे कुठनं येतात हे कुणी सांगत नाही. – एक वडील, राजारामपुरी

उत्तर : दादा, तुम्ही लेथवाले म्हणजे माझं निम्मं काम सोपं झालं. उद्यमनगरात पहिल्या दिवशी कोण स्वतःचा प्रॉडक्ट काढतंय का सांगा. आधी कितीतरी वर्षं दुसऱ्याचं जॉबवर्क, ड्रॉइंग त्यांचं, मटेरियल त्यांचं, आपण नुसतं टर्निंग करून द्यायचं, आणि रात्री शटर अर्धं ओढून घेतलं की मग आपल्या डोक्यातला पार्ट काढून बघायचा. पियानिस्ट-कंपोझरचं अगदी हेच असतंय, फक्त तिथं जॉबवर्कला शिकवण्या, गायकाला साथ, चर्चच्या क्वायरला साथ, जाहिरातीची धून, सिरियलचं पार्श्वसंगीत अशी नावं आहेत.

अमेरिकेतला कंपोझर फिलिप ग्लास, त्याचं उदाहरण देते. जन्म १९३७, बाल्टिमोर, वडिलांचं रेकॉर्डचं दुकान. न्यूयॉर्कला संगीत शिकायला जातो म्हणल्यावर आई म्हणाली की मग तू पण हेन्रीकाकासारखा गावोगाव हॉटेलात राहत हिंडणार. हेन्रीकाका ड्रम वाजवायचे. म्हणजे बाल्टिमोर काय आणि राजारामपुरी काय, आईबाप तेच! पोरगा गेलाच, जुलियर्ड या तिथल्या संगीत विद्यालयात शिकला, मग पॅरिसला नादिया बुलांजे या अत्यंत कडक बाईंकडं दोन वर्षं घासून आला, आणि एवढं शिकून न्यूयॉर्कला परत येऊन काय केलं तर लोकांचं सामान हलवलं, नळ जोडले, टॅक्सी चालवली. एकदा कुणाच्या तरी घरी डिशवॉशर बसवत होता आणि वर बघतो तर टाइम मासिकाचे कलासमीक्षक रॉबर्ट ह्यूज समोर थक्क होऊन उभे, कारण त्यांनी ओळखलं होतं हा कोण ते. ग्लासनं सांगितलं, मी कलाकार आहेच पण अधूनमधून प्लंबर पण असतो, तेव्हा आता मला काम संपवू द्या. १९७६ मध्ये त्याचा 'आइनस्टाइन ऑन द बीच' हा ऑपेरा मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या स्टेजवर झाला, थिएटर फुल्ल, आणि त्यानंतर गडी परत टॅक्सीवर. टॅक्सी सुटली ती चाळिशी ओलांडल्यावर, हॉलंडकडनं नवीन ऑपेराचं काम मिळालं तेव्हा. तो ऑपेरा म्हणजे 'सत्याग्रह', गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या दिवसांवरचा, १९८० ला रॉटरडॅममध्ये पहिल्यांदा झाला आणि तो सगळा संस्कृतात गायला जातो, गीतेतले श्लोक! आपल्याकडं किती जणांना हे माहितीय देव जाणे.

पण टॅक्सीची गोष्ट रडगाणं म्हणून सांगत नाही मी. त्यातली धंद्याची गोष्ट तुम्हाला लगेच कळंल. १९६८ मध्ये त्यानं स्वतःचा ग्रुप काढला, स्वतः कीबोर्डवर बसायचा आणि आपलं संगीत दुसऱ्या कुणाला वाजवायलाच द्यायचा नाही. ऐकायचं असंल तर आम्हालाच बोलवा. माल आपला, दुकान पण आपलं. आपल्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी तरी वेगळं काय केलं, १९११ च्या 'मानापमान'ला चाली दिल्या, हार्मोनियमवर नाव कमावलं, १९१३ ला बालगंधर्व आणि गणपतराव बोडसांबरोबर गंधर्व नाटक मंडळीत भागीदार झाले आणि पुढं 'अयोध्येचा राजा' या चित्रपटात संगीत पण दिलं आणि राजा पण स्वतःच झाले. वाजवणारा, चाली बांधणारा आणि कंपनी चालवणारा माणूस एकच.

आता आयनाउदी. पोरीला तो आवडतो त्यात काय वावगं नाही, पण तिला हे पण सांगा की तो मिलानच्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत विद्यालयात, रीतसर शिकलाय, नंतर लुचानो बेरिओसारख्या अवघड लिहिणाऱ्या कंपोझरच्या हाताखाली होता, आणि ज्या सोलो पियानोच्या अल्बमनं त्याचं नाव झालं तो 'ले ओंदे' आला १९९६ ला, म्हणजे वयाच्या चाळिशीत. शिवाय आजोबा इटलीचे राष्ट्रपती, वडील मोठे प्रकाशक. आपल्याकडं आजोबा फार तर सोसायटीचे चेअरमन, तेव्हा तुलना जपून करावी. त्याचे पीस माझे विद्यार्थी आठवड्यात बसवतात आणि मग मी म्हणते आता डाव्या हाताचे सगळे सूर एकाच वजनाचे वाजव, फक्त वरची ओळ उचलून दाखव. की मग तोंडं बघण्यासारखी होतात.

करायचं काय? बारावी सोडायची नाही. आठवी ग्रेड आणि थिअरी नीट पूर्ण करायची, साइट रीडिंग (नवं नोटेशन समोर आलं की बघून लगेच वाजवणं) रोज, कारण साथीचं काम साइट रीडिंगवर मिळतं. पुढं बाहेर जायचं तर जर्मनीतल्या सरकारी संगीत विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणीची फी नसते (बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात), पण राहण्याखाण्याचा खर्च आपला, जर्मन भाषा लागते आणि प्रवेश परीक्षा प्रत्यक्ष वाजवून द्यायची असते. कंपोझिशनला जायचं तर वेगळी परीक्षा, आपण लिहिलेले स्कोअर पाठवावे लागतात. देशातच राहायचं तर चेन्नईला रहमाननं काढलेली केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरी आहे.

आणि तिला आत्तापासून महिन्याला एक पीस स्वतःचा लिहायला लावा, दोन मिनिटांचा असला तरी चालंल, पण कागदावर नोटेशनमध्ये. माझं स्वतःचं विचाराल तर किराणा अजून शिकवण्यांवरच येतो, माझे चार-पाच पीस वर्षाला कुठंतरी वाजतात, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. तिला वाटणार असंल तर ते आत्ताच एकमेकांत बोलून घ्या.

प्रश्न : फ्लॅटमध्ये जागा आहे. एकजण जुना खरा पियानो स्वस्तात देतोय. घेऊ का डिजिटल घेऊ? – एक आई, ताराबाई पार्क

उत्तर : ताई, थांबा! मी हे केलंय. बारा वर्षांपूर्वी एका दुसऱ्या शहरातल्या घरातनं जुना उभा पियानो घेतला, विकणाऱ्यानं शपथेवर सांगितलं की एकदम कंडिशनमध्ये आहे, टेम्पोत गाद्या घालून आणला, सहा माणसांनी जिना चढवला. मे महिना छान गेला. जूनच्या शेवटी आपला पाऊस लागला आणि मिडल सी म्हणजे मधल्या सा-ची पट्टी दाबली की वरच येईना, पट्ट्यांमधलं कापड दमटपणानं फुगलं होतं. मग आत तारांवर आपटणारे हॅमर असतात त्यांच्या फेल्टला, म्हणजे जाड लोकरी कापडाला, कसर लागलेली दिसली, मी आत डांबरगोळ्या टाकल्या, म्हणजे वाजवायला बसलं की संगीत कमी आणि ट्रंक उघडल्याचा वास जास्त. इथं ट्यूनर नाही, बाहेरगावचे ट्यूनर सहा आठवड्यांनी आले, झाकण काढून किल्ली लावली आणि म्हणाले, तारांच्या पिन धरून ठेवणारी लाकडी फळीच आतनं फुटलीय, ट्यून केला तरी आठ दिवसात उतरणार. पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि त्यांचा मिळून ताण पंधरा-वीस टनांच्या घरात जातो, तेव्हा ती फळी गेली की संपलंच. आता त्यावर आमच्याकडं फोटो आणि कुंड्या आहेत.

त्यामुळं ट्यूनरला गाडीभाडं देऊन आधी दाखवल्याशिवाय जुना पियानो घेऊ नका. डिजिटल घ्या, पण ८८ पट्ट्यांचा, वजनदार हॅमर ॲक्शनचा, म्हणजे पट्टी दाबताना खऱ्या पियानोसारखा जोर लागणारा. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर हात तयार होत नाही, पुढं खऱ्या पियानोवर बसलं की बोटं घसरतात. हेडफोन लावता येतो हा जास्तीचा फायदा. नील्स फ्राम म्हणून जर्मन पियानिस्ट-कंपोझर आहे, त्याला रात्री वाजवताना शेजाऱ्यांना त्रास द्यायचा नव्हता म्हणून त्यानं तारांवर फेल्ट टाकलं आणि माइक अगदी आत नेऊन ठेवले, तर पट्ट्यांची खटखट, लाकडाची करकर, त्याचा श्वास सगळं रेकॉर्ड झालं आणि २०११ चा तो 'फेल्ट' नावाचा अल्बम लोकांनी डोक्यावर घेतला. तेव्हा खालच्या मजल्यावरचे काका ओरडले तर लगेच नाराज होऊ नका.

प्रश्न : मी २३ वर्षांचा, पियानोवरची माझी एक धून एका वेबसिरीजवाल्यांना आवडलीय. एकरकमी पैसे देतो, सगळे हक्क कायमचे आमचे अशी सही मागतायत. करू? – कळंबा

उत्तर : वाचल्याशिवाय सही नाही, भावा. २०१२ मध्ये कॉपीराइटच्या कायद्यात दुरुस्ती झाली, त्यानुसार फिल्म किंवा रेकॉर्डिंगमध्ये वापरलेल्या धुनेच्या रॉयल्टीतला कंपोझरचा समान वाटा आपण सोडून देतो म्हणलं तरी सोडता येत नाही (थिएटरात फिल्मबरोबर दाखवणं तेवढं यातनं वगळलंय). 'कायमचे' लिहून घेतलं तरी तो वाटा तुझाच. करारात मुदत लिहिलीच नसंल तर ती ५ वर्षं धरतात आणि कुठल्या देशांसाठी ते लिहिलं नसंल तर फक्त भारत. म्हणून मुदत आणि प्रदेश या दोन ओळी आधी शोध. आयपीआरएसचा सभासद हो, रॉयल्टी गोळा करणारी संस्था तीच, १९६९ पासूनची. आणि धून ज्या तारखेला केलीस त्या तारखेचा पुरावा ठेव, स्वतःला केलेला मेल असंल तरी असू दे. रक्कम किती मागू असं पण विचारलंयस खाली, ते मी सांगणार नाही, वकिलाला हजार-दोन हजार देऊन करार दाखव, वडापाववर सल्ला मागू नको.

प्रश्न : कोल्हापूरच्या देवल क्लबाच्या मैफलींत आयुष्यभर गाणं ऐकलं. ज्या वाद्यात मींड नाही त्याला क्लासिकल कसं म्हणायचं? – एक ज्येष्ठ श्रोते, मंगळवार पेठ

उत्तर : आजोबा, नमस्कार. हा घोळ शब्दाचा आहे, आपण 'क्लासिकल' म्हणजे आपलं शास्त्रीय धरतो, ती मंडळी मोझार्ट-बेथोवेनपासनं आलेली त्यांची परंपरा धरतात. मींड, म्हणजे एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरत जाणं, नाही हे शंभर टक्के खरं. एक पट्टी एक सूर, मधलं काही नाही, आणि सूर पण समान अंतरावर कापलेले, म्हणून आपला गंधार तिथं टोचतोच. अल्लादिया खाँसाहेबांच्या गावात बसून मी दुसरं काय म्हणणार. याच तक्रारीपायी रेडिओनं १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला बंदी घातली होती, आणि आता पेटीशिवाय मैफल बघायला मिळते का सांगा.

पण लय बघा. वर ज्या ग्लासबद्दल लिहिलंय तो पॅरिसला शिकत असताना एका फिल्मसाठी रविशंकरांचं संगीत तिथल्या वादकांना पाश्चात्त्य नोटेशनमध्ये लिहून देत होता. प्रत्येक वेळी रविशंकरांचे तबलावादक अल्लारखाँसाहेब म्हणायचे आघात चुकतोय. इकडची रेघ तिकडं करून बघितली, तरी चूकच. शेवटी वैतागून त्यानं मात्रांचे भाग पाडणाऱ्या सगळ्या रेघाच खोडून टाकल्या, आणि मग त्याला दिसलं की दोन आणि तीनचे गट एकमेकांना जोडत हे चक्र फिरतंय. तुम्ही झपताल हातावर धरा, धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. दोन तीन दोन तीन. पुढची कितीतरी वर्षं त्यानं असलेच छोटे गट वाढवत आणि कमी करत संगीत लिहिलं. नातवाला लावायला सांगा आणि डोळे मिटून हातावर ताल धरा, सूर राहू दे. नाही पटलं तर मला शिव्या द्या, पत्ता संपादकांकडं आहे.

प्रश्न : वय ५२, बँकेतनं व्हीआरएस घेतलीय. आता पियानो शिकून उपयोग आहे का? – कसबा बावडा

उत्तर : ग्लासनं पियानोचे एट्यूड, म्हणजे सरावाचे पीस, लिहायला घेतले तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला होता. २० लिहिले, संपले २०१२ ला. पहिले लिहायचं एक कारण असं की स्वतःचा हात सुधारायचा होता! म्हणजे तुमच्या वयात तो पण क्लास लावल्यासारखाच होता. या की. पहिले तीन महिने फक्त पाच बोटं आणि लयीचा ठोका देणारा मेट्रोनोम, गाणं-बिणं काही नाही, हे आधीच सांगून ठेवते कारण बँकवाल्यांना व्याज लवकर लागतं. आणि नखं मात्र कापून या.