लपलेल्या धबधब्याकडे एकट्याने निघताना

प्रिय दोस्त,

अनेक आशीर्वाद.

एकट्याने चालत त्या धबधब्यापर्यंत जायचं ठरवलंयस, हे वाचून फार बरं वाटलं. निसर्गाशी जोडलं जायचंय, पण तिथे पोचून नेमकं करायचं काय, असं विचारलंयस. त्याकडे येतोच, पण आधी वाटेचं बोलू. अंधार पडायच्या आत परत पोचू ना, या काळजीत निम्मं मन अडकलं असेल तर धबधब्यासमोर बसूनही काही दिसत नाही. तयारी चोख असली की मन मोकळं राहतं.

पहिली गोष्ट वेळेची. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा सांगितला, तो आजही वापरात आहे: सपाटीवर ताशी सुमारे ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्तीचा. चार किलोमीटरची वाट आणि ३०० मीटरचा चढ असेल, तर कागदावर साधारण सव्वा तास होतो. पण हा हिशेब धडधाकट माणसाने न थांबता चालण्याचा आहे. ओढ्याकाठची वाट म्हणजे निसरडे धोंडे आणि वाकून पार करायची झुडपं, त्यामुळे तू सरळ दुप्पट वेळ धर. शिवाय घड्याळातली एक वेळ घरूनच ठरवून नीघ, परत फिरण्याची. ती झाली की फिरायचं, मग पाण्याचा आवाज अगदी पुढच्या वळणावरून येत असला तरी.

जाताना प्रत्येक फाट्यावर थांब आणि मागे वळून बघ. येताना वाट त्याच बाजूने दिसणार असते, आणि ती इतकी वेगळी दिसते की ओळखीचं झाडही अनोळखी वाटतं. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेव, पण या मागे बघण्याची जागा तो घेत नाही. आणि वाट चुकलीच, तर ‘पाण्याच्या कडेने खाली उतरत जा, वस्ती लागेल’ हा सल्ला या भागात मुळीच ऐकू नकोस. एक धबधबा आहे तिथे खाली दुसरा असण्याची शक्यता बरीच असते, आणि वरून उतरणाऱ्याला कडा अगदी शेवटच्या पावलापर्यंत दिसत नाही. अशा वेळी थांब, बस, पाणी पी. मग शेवटची खात्रीची खूण जिथे दिसली होती तिथपर्यंत परत जा. शिट्टी जवळ असू दे. मिनिटाभरात सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. डोंगरात मदत मागण्याची ही खूण आहे.

आता आवाजाकडे येतो, कारण लपलेला धबधबा आधी कानाला सापडतो. पाण्याचा आवाज मुख्यतः पाण्यात कोंडल्या गेलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा असतो. मार्सेल मिनार्ट या शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये त्याचं गणित मांडलं: बुडबुडा जितका मोठा, तितका त्याचा सूर खालचा. धबधब्यात बारीक-मोठे सगळेच बुडबुडे एकदम वाजत असतात. पण बारीक, तीव्र सूर हवेत आणि पानांत लवकर विरतात, म्हणून लांबून नुसती घरघर ऐकू येते. जसजसं जवळ जाशील, तसतशी त्या घरघरीवर एक सळसळ चढत जाईल. वाटेत अधूनमधून उभं राहून हे ऐक. तुझं जोडलं जाणं खरं तर इथूनच सुरू होतं, धबधबा दिसण्याच्या कितीतरी आधी.

पोचल्यावर लगेच पाण्याकडे धावू नकोस. आधी काठावरची झुडपं बघ. त्यांच्या फांद्यांत वाळकी पानं, काटक्या, गवताचे पुंजके एका ओळीत अडकलेले दिसतील. पूर आला होता तेव्हा पाणी तिथवर चढलं होतं. तुझी बसायची जागा त्या ओळीच्या वर हवी. डोक्यावर निरभ्र आकाश असलं तरी वरच्या अंगाला कुठेतरी पाऊस कोसळत असू शकतो. पाणी गढूळ व्हायला लागलं, पानं-काटक्या अचानक वाहत यायला लागल्या, आवाज भरत गेला, की सामान आवरत बसायचं नाही. ओढ्याच्या दिशेने खाली पळायचंही नाही, बाजूच्या चढावर चढायचं.

कड्याच्या टोकावर जाऊ नकोस आणि खालच्या डोहातही उतरू नकोस. बऱ्याच धबधब्यांत वरचा थर कठीण खडकाचा आणि खालचा मऊ असतो. पाणी खालचा खडक कोरून काढतं, वरचा पुढे आलेला थर आधाराविना राहतो आणि कधीतरी तुटून पडतो. नायगारा असाच सुमारे १२,००० वर्षांत ११ किलोमीटर मागे सरकला आहे. डोहातल्या पांढऱ्याशुभ्र पाण्यात हवा इतकी मिसळलेली असते की ते अंगाला नेहमीसारखं वर उचलून धरत नाही, आणि वरून पडणारी धार खाली दाबत राहते. सोबत माणसं असताना हा धोका आहेच. एकट्याला त्यातून बाहेर काढायला कोणी नसतं.

बसायला जागा मिळाली? मग आता काहीही करू नकोस. सुरुवातीला मन कमालीचं अस्वस्थ होईल. कालचं भांडण, राहिलेलं काम, कोणाला तरी द्यायचं उत्तर, सगळं एकदम वर येईल, आणि हात सारखा खिशातल्या फोनकडे जाईल. बहुतेक जण इथेच चार फोटो काढतात आणि निघतात. तू निघू नकोस. ही अस्वस्थता म्हणजे आपलं काहीतरी चुकतंय असं नाही. इतका वेळ ज्या वेगात होतीस किंवा होतास, तो उतरायला वेळ लागतो, एवढंच.

मग डोळ्यांना एक काम दे. पडत्या पाण्यातली एकच जागा निवड आणि मिनिटभर नजर न हलवता तिथेच ठेव. नंतर नजर बाजूच्या खडकावर ने. खडक हलकेच वर सरकताना दिसेल, आणि तरीही जागचा हललेला नसेल! रॉबर्ट ॲडम्स यांनी १८३४ मध्ये स्कॉटलंडच्या फॉयर्स धबधब्यापाशी हा अनुभव नोंदवला. खाली जाणारी हालचाल टिपणाऱ्या मेंदूतल्या पेशी सतत बघून मंदावतात, मग उलट्या दिशेचं पारडं जड होतं. मला हा प्रकार फार आवडतो. कारण ‘मी इथे आणि निसर्ग तिथे’ असं जे आपण धरून चालतो, ते त्या क्षणी टिकत नाही. पाण्याने तुझ्या आत काहीतरी बदललेलं असतं आणि ते तुला उघड्या डोळ्यांनी दिसत असतं.

त्यानंतर खडक जवळून बघ. तुषार पोचतात तिथवरच शेवाळ हिरवंगार असतं, आणि त्याच्या कडेला ओलं-कोरडं यांची सीमा दिसते. त्या पट्ट्यात पाय ठेवू नकोस. तू घसरशील आणि शेवाळही उखडेल. त्यापेक्षा टेकून, वाकून, अगदी नाक लागेल इतक्या जवळून बघ. एका हाताच्या पंज्याएवढ्या जागेत किती वेगवेगळे हिरवे रंग आहेत, कोण कशावर वाढतंय, थेंब कुठून कुठे जातोय. मोठ्या दृश्यापुढे माणूस दिपून जातो आणि विसरतो. ओळख होते ती अशा छोट्या जागेशी.

तुझ्या पत्रातल्या एका वाक्याशी मात्र मी सहमत नाही. या एका फेरीने सगळं बदलेल, असं तू लिहिलंयस. इंग्लंडमधल्या जवळपास २०,००० लोकांच्या माहितीवर २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यात किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपलं आरोग्य आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. तो वेळ एकदम घालवला की तुकड्यातुकड्यांनी, याने फरक पडत नव्हता. म्हणून पाणी आटेल तेव्हा त्याच धबधब्याकडे पुन्हा जा, आणि मधल्या काळात घराजवळच्या एखाद्या झाडाखाली रोज थोडा वेळ बस. एकाच जागेकडे वारंवार जाणं मला नव्यानव्या जागा पालथ्या घालण्यापेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं.

आणि जागा लपलेली आहे, ती तशीच राहू दे. फोटो टाकायचा असेल तर ठिकाण लिहू नकोस. नवी पायवाट पाडू नकोस. साबण पाण्यात जाऊ देऊ नकोस.

एकटं जाणं म्हणजे कोणालाच न सांगता जाणं नव्हे. निघण्याच्या आदल्या रात्री मला वाट, निघायची वेळ आणि परत पोचायची वेळ, तिन्ही कळव. परत आल्याबरोबर एक निरोप टाक. ठरल्या वेळेनंतर मी तासभर थांबेन, मग तुला फोन करेन. तो लागला नाही तर तिथल्या मदत पथकाला कळवेन. त्यांचा नंबर शोधून मलाही पाठव.

तुझा,
काका