हे माझ्याकडून आलं का?

"जीन टेस्ट सांगितलीय, म्हणजे दोष आमच्या घराण्यातच आहे ना?" प्लेटलेट कमी असलेल्या मुलांचे आईवडील समोर बसले की पहिल्या पाच मिनिटांत हे येतंच.

आयटीपी या प्लेटलेट कमी होण्याच्या आजारात शरीराच्याच अँटिबॉडी प्लेटलेट मारतात. बहुतेक मुलांचं काही महिन्यांत आपोआप सावरतं, जनुकं तपासावी लागत नाहीत. माझ्याकडे आलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाचं तसं नव्हतं. प्लेटलेट 12 हजार, मग लाल पेशीही फुटायला लागल्या, मानेत गाठी, स्टिरॉइड कमी केलं की पुन्हा अंगभर निळे डाग. अशा वेळी एफएएस, सीटीएलए4, एलआरबीए ही जनुकं बघतात.

आई बोलत होती, म्हणजे स्वतःवर आरोप करत होती. गरोदरपणातला ताप, तेव्हाची औषधं. मी तिला समजावत बसले नाही. माझा भरवसा समजावण्यापेक्षा कागद-पेन्सिलीवर जास्त. वंशावळ काढायला घेतली.

वडील दोन भेटींत अवाक्षर बोलले नव्हते. वंशावळीत पुरुषासाठी चौकोन काढतात. त्यांच्या चौकोनाशी पेन्सिल थांबली तेव्हा म्हणाले, "मला थायरॉइड आहे. ते लिहायचं का?" मग हळूच, "आणि कितीतरी वर्षं जुलाब. डॉक्टर म्हणाले टेन्शन."

मी लिहिलं. खरं सांगते, आतून थोडी खूश झाले. हे सगळं एकाच जनुकातून येऊ शकतं, डोळ्यांसमोर चित्र जुळत होतं.

रिपोर्टमध्ये सीटीएलए4 मधला बदल निघाला, वडिलांकडून आलेला. आईने सुस्कारा सोडला आणि वडिलांची मान खाली गेली. गाठोडं नुसतं एका खांद्यावरून दुसऱ्यावर गेलं होतं! माझी खुशी तिथेच उतरली. नाव सापडलं की माणसं मोकळी होतात, हे मी गृहीत धरलं होतं.

म्हणून पुढची भेट फक्त वडिलांची घेतली. सीटीएलए4 हा रोगप्रतिकारशक्तीचा ब्रेक, तुमच्या घरात तो अर्धाच लागतो, एवढंच सांगितलं. बदल प्रत्येक अपत्यात जायची शक्यता निम्मी, पण तो असलेला प्रत्येक जण आजारी पडतोच असं नाही. आणि नाव कळल्याचा फायदा असा, की नुसत्या स्टिरॉइडवर रेटायचं नाही. अबॅटासेप्ट हे औषध त्या ब्रेकचंच काम करतं. प्लेटलेट वाढाव्यात म्हणून प्लीहा काढायचा विषयही आता वेगळ्या नजरेने बघता येईल.

ते बराच वेळ वंशावळीकडे बघत होते. मग स्वतःच्या चौकोनावर बोट ठेवून विचारलं, "म्हणजे माझे जुलाब टेन्शनचे नव्हते?"

"बहुधा नव्हते. तेही तपासून घेऊ."

पहिल्यांदाच ते खुर्चीत मागे टेकून बसले.