टॉर्टियाचा तुकडा

प्रिय मनू,

परवा जेवताना तू जे विचारलंस त्याचं मी नीट उत्तर दिलं नाही. "अगं तशी पद्धत असते आपल्याकडे" एवढं बोलून ताट उचललं आणि सिंककडे गेलो, तू मागून म्हणालीस बाबा हे उत्तर नाहीये. नव्हतंच. म्हणून लिहितोय. मराठीत लिहितोय कारण मला हे इंग्रजीत सुचतच नाही, अडलं तर आईला विचार.

शाळेत कोविडची एक आठवण लिहायला सांगितली आणि तू आपली आरव्हीची, म्हणजे त्या चाकांवरच्या घराची ट्रिप घेतलीस, ते छानच. पण मग तू विचारलंस, "आजीला खरंच वाटत होतं का, की व्हायरस त्या ओवाळून टाकलेल्या टॉर्टियाला घाबरतो? आणि आजीचं जाऊ दे, तू इंजिनिअर ना, तू का गप्प उभा राहिलास?" पहिल्या प्रश्नाला मी हसलो. दुसरा लागला.

तू तेव्हा नऊ वर्षांची होतीस, तुला काय काय आठवतंय माहीत नाही. जानेवारी २०२० मध्ये निघालो, तेव्हा इथे कॅनडात इतकी थंडी की गाडीच्या पाइपांत ते गुलाबी अँटीफ्रीझ भरलेलं, जॉर्जिया येईपर्यंत नळ उघडायचा नाही, बाटलीच्या पाण्याने चूळ भरायची. मला नोकरीतून नारळ मिळाला होता पण पैसे बरे दिले होते, आईने बिनपगारी रजा काढली, तुझा आणि दादाचा अभ्यास गाडीतच, आणि ऑक्टोबरपासून आजी आलेलीच होती सुपर व्हिसावर, तो आईवडिलांसाठीचा. तिला वाटलं तीन महिने गाडीत राहायचं म्हणजे मुलाला वेड लागलं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणायची, आणि मग त्या गाडीचं नावच बिऱ्हाड पडलं. "बिऱ्हाड धुतलंस का रे?"

ब्लॅक टँक, म्हणजे गाडीतल्या संडासाची टाकी, रिकामा करायची तेव्हाची गंमत तुला नक्की आठवत असेल. मी हातमोजे घालून तो जाड पाइप डंप स्टेशनच्या भोकात बसवायचो, आणि आजी लांब उभी राहून तोंडाला पदर लावून, "शिकलास सवरलास ते हे करायला होय?" नंतर अंघोळ केल्याशिवाय मला कुकरला हात लावू द्यायची नाही. तुम्ही दोघं खो खो हसायचात. मीही हसायचो. या हसण्याकडे मी परत येणार आहे.

तर मार्चमध्ये आपण फ्लोरिडात, फोर्ट डी सोटोच्या कॅम्पग्राउंडवर. एप्रिलच्या मध्यापर्यंत राहायचं ठरलं होतं. सोमवारी, १६ मार्चला, तेव्हाचे पंतप्रधान ट्रूडो त्यांच्या घराच्या दाराबाहेर उभे राहून बोलले, बायको पॉझिटिव्ह म्हणून ते स्वतःच घरात अडकलेले, आणि म्हणाले की बाहेर असलेल्या कॅनडावाल्यांनी परत या. त्याच भाषणात हेही होतं की बाहेरच्या देशांच्या नागरिकांना आता येऊ देणार नाही, थोडे अपवाद सोडून. आपल्या चौघांचे पासपोर्ट निळे आणि आजीचाही निळाच, पण तिच्यावर सिंह. ती अपवादात बसते की नाही हे मी रात्री दोन वाजेपर्यंत फोनवर वाचत होतो. इन्शुरन्सवाल्यांचा फोन लागता लागेना, लागला तर एक म्हणे चालेल, दुसरी म्हणे चालणार नाही. सत्तर वर्षांची बाई, बीपीच्या गोळ्या, आणि अमेरिकेत हॉस्पिटल. मी घाबरलो होतो मनू. तुम्हाला सांगितलं की घरी लवकर जाऊ म्हणजे दादाचं हॉकी चुकणार नाही.

मंगळवारी सकाळी निघालो. आय-७५ धरायचा आणि सोडायचाच नाही, बाविसशे किलोमीटर. रस्त्यात जिकडे बघावं तिकडे ऑन्टॅरिओ आणि क्वेबेकच्या नंबरप्लेटा, मोठमोठ्या आरव्ही, मागे बांधलेल्या छोट्या गाड्या, सगळे म्हातारा-म्हातारी उत्तरेकडे चाललेले, तुम्ही खिडकीतून मोजत होतात आणि ते हात करायचे. पहिला मुक्काम मेकनच्या बाजूला, दुसरा केंटकीत. तिथे हॉटेलं फक्त पार्सल देत होती, ट्रक स्टॉपवर ड्रायव्हर लोक आपापल्या केबिनमध्ये बसून जेवत होते. आजीने कुणाला उतरू दिलं नाही, गाडीतच पिठलं टाकलं आणि भाकरीचं पीठ संपलं म्हणून मक्याचे टॉर्टिया तव्यावर गरम केले. "भाकरीची सावत्र बहीण," म्हणाली. तिसरा मुक्काम टोलीडोजवळ. आणि शुक्रवारी, २० तारखेला सकाळी डेट्रॉइटचा तो मोठा पूल. त्याच रात्री बारा वाजता बॉर्डर बंद होणार होती, कामाशिवायच्या लोकांना.

पुलावर आजीला हीटरच्या कोरड्या हवेने खोकल्याची उबळ यायला लागली. तिने पर्समधून लवंग काढून दाढेखाली धरली आणि खिडकीत येईपर्यंत श्वास धरून बसली. ऑफिसरने ताप, खोकला विचारलं. मी नाही म्हटलं. खरंच आजारी नव्हती गं, पण ते "नाही" मला अजून कधीकधी आठवतं. त्याने पाचही पासपोर्ट बघितले, आजीचा जरा जास्त वेळ, "मदर?" एवढंच विचारलं, आणि चौदा दिवस घराबाहेर पडू नका असा कागद हातात दिला.

दुपारी किचनरला घरी पोचलो. मी गाडी लावली, तू दार उघडून पळत सुटलीस, आणि आजी ओरडली, "थांब!"

आता पद्धत अशी, की बाहेरगावाहून लांबचा प्रवास करून कुणी आलं की त्याला दारात उभं करायचं, भाकरीचा तुकडा त्याच्यावरून ओवाळून टाकायचा, पायावर पाणी, डोळ्याला पाणी, मग आत. पण ते करायला घरात कुणीतरी असावं लागतं. आपण तर सगळेच बाहेरून आलेलो. आजीने दोन मिनिटं विचार केला, मग तुला गॅरेजच्या दाराने आत पाठवलं, हातपाय साबणाने धुवायला लावले, आणि पुढचं दार आतून उघडायला सांगितलं. म्हणजे तू घरची, आम्ही पाहुणे. भाकरी नाही म्हणून टॉर्टिया. तू उंबऱ्याच्या आत, तुझ्या हातात तुकडा आणि माझी स्टीलची पाण्याची बाटली, आणि आम्ही चौघं पायरीवर थंडीत रांगेत. आजी सांगतेय, असा फिरव, तिघांवरून, माझ्यावरून पण, आता टाक लांब. तू टाकलास तो ड्राइव्हवेच्या कडेच्या मळक्या बर्फाच्या ढिगावर पडला. समोरच्या घरातली बाई खिडकीतून बघत होती. मी तिला हात केला, काय करणार.

आता तुझा प्रश्न.

आजीला व्हायरस टॉर्टियाला घाबरतो असं वाटत नव्हतं. पाच आठवडे ती मास्क नाही म्हणून ओढणी बांधून फिरली, भाजीसुद्धा मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायची. पण "वाटेवरचं काहीतरी लागतं" हे तिला वाटतं, आणि ते काय ते तिलाही सांगता येणार नाही.

हे तिच्याकडे आलं माझ्या आजीकडून, म्हणजे तुझ्या पणजीकडून. पणजी लहान असताना त्यांच्या गावात प्लेग यायचा. साताऱ्याच्या बाजूला तेव्हा दर थोड्या वर्षांनी येत असे. घरात उंदीर मरून पडला की गाव सोडायचं, रानात खोपी घालून राहायचं महिना दोन महिने, चुली बाहेर, जनावरं बाहेर. मग रोग ओसरला की घराची कौलं काढून आत ऊन पाडायचं, सारवायचं, आणि मगच आत. आणि आत जाताना दारात तुकडा ओवाळायचा. ती हे सांगायची तेव्हा आम्ही पोरं जेवणाच्या पंगतीत असायचो आणि उंदराचं ऐकून ताई जेवायचीच नाही. मला गंमत ही वाटते की ते लोक घर सोडून मोकळ्यावर पळाले आणि आपण मोकळं सोडून घराकडे पळालो. फोर्ट डी सोटोला समुद्रावर आपल्या आजूबाजूला वीस फुटांत कुणी नव्हतं. पणजी असती तर म्हणाली असती, खोपीतच बसा की गप, कुठे निघालात.

आणि मी. मी काही कायम गप्प उभा राहिलेलो नाही. सांगलीला इंजिनिअरिंगला होतो, तेव्हा दाभोलकरांचं व्याख्यान ऐकलं होतं, ते आमच्या साताऱ्याचेच, आणि डोकं अगदी लख्ख झालं होतं. दिवाळीला घरी आलो, तुझी आजी दारात तुकडा घेऊन उभी. मी म्हटलं, आई हे थोतांड बंद कर, लोक हसतील. मोठ्याने म्हटलं, शेजारच्यांना ऐकू जाईल असं. ती काही बोलली नाही, बाजूला झाली. पुढच्या वेळी दारात नव्हती. त्याच्या पुढच्या वेळीही नाही. मला वाटलं सुटलं, पटलं तिला. बऱ्याच वर्षांनी तुझ्या आत्याने सांगितलं, की मी बॅग घेऊन आत गेलो की आई मागून यायची, माझ्या पाठीवरून तुकडा फिरवायची आणि गुपचूप अंगणात टाकायची. चार वर्षं. मला एकदाही कळलं नाही. आमचा मोत्या मात्र मी आलो की अंगणात धावत का जायचा हे तेव्हा समजलं.

हे ऐकल्यावर मी तिला काही बोललेलो नाही. ती बोलली नाही, मी पण नाही. तर त्या दिवशी पायरीवर ती "थांब" म्हणाली तेव्हा माझ्यात इंजिनिअर वगैरे काही नव्हतं, चार दिवस गाडी चालवून पाठ गेलेली होती, आणि खरं सांगू, मलाच हवं होतं ते. कुणीतरी म्हणावं की झालं, आलात.

पण हे लिहून मला सगळं गोड करायचं नाहीये, कारण तू हुशार आहेस आणि पुढचा प्रश्न तू विचारशीलच. आमच्या वाड्याचा तो उंबरा सगळ्यांसाठी सारखा नव्हता. संडास साफ करायला एक बाई यायच्या, त्यांना मागच्या बोळातून यावं लागे, पाऊस असला तरी त्या पायरीच्या खालीच उभ्या, आणि सणाचं उरलेलं त्यांच्या पदरात वरून टाकलं जायचं, हात लागू नये म्हणून. मी ते पाहिलंय. वाढायला मला पाठवायचे. मी पण वरूनच टाकायचो, तसंच शिकवलं होतं. "बाहेरचं काही लागतं" हे म्हणणं आजाराबद्दल होतं तसं माणसांबद्दलही होतं, आणि दोन्हीला शब्द एकच. म्हणून तो ब्लॅक टँक रिकामा करताना आजी लांब उभी राहिली आणि आपण हसलो ना, ते आता लिहिताना मला तितकंसं हसू येत नाहीये. त्या बाईंचं नावसुद्धा मला माहीत नाही. हे निबंधात घालायचं की नाही ते तू ठरव, मला वाटतं घाल.

तेवढ्याने ती पद्धतच टाकून द्यावी का? मला सांगता येत नाही. पंचवीस तारखेला, आपल्या पाचव्या दिवशी, पाडवा होता, त्याच दिवशी तिकडे भारतात लॉकडाऊन सुरू झाला, आजीने आरव्हीच्या ऑनिंगच्या दांड्याला साडी बांधून मागच्या डेकवर गुढी उभारली तेव्हा मी काही म्हटलं नाही. तिचं एप्रिलचं तिकीट गेलंच होतं. जुलैमध्ये वंदे भारतच्या विमानात जागा मिळाली, सात दिवस हॉटेलात एकटी क्वारंटाइन, आणि मग साताऱ्याला पोचली तर आत्याने मास्क लावून दारात तुकडा ओवाळला आणि फोनवर आपल्याला दाखवला. तू तेव्हा ओरडलीस, "आजी, टॉर्टिया कुठाय?" आणि ती इतकी हसली की मास्क खाली आला.

असो. खूप लिहिलं. तुझी आई म्हणते पोरीने एक प्रश्न विचारला तर तू आत्मचरित्र लिहितोस. तुला यातलं काही करायला मी सांगत नाहीये, खरंच नाही.

रविवारी तू ओटावाहून बँडच्या ट्रिपवरून येशील. मी दारात काही घेऊन उभा राहणार नाही. फक्त आत गेल्यावर लगेच मागे वळू नकोस, बॅग मी आणतो.

बाबा