ट्रॉम्बोनवाल्यांची पत्रं : वाजवायचं, लिहायचं की शिकवायचं?

मागच्या अंकात जॅझ ट्रॉम्बोनवर, म्हणजे बटणांऐवजी पुढे-मागे सरकणारी नळी (स्लाइड) असलेल्या त्या पितळी वाद्यावर, लिहिलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं की काही विचारायचं असेल तर पाठवा. एवढी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. सगळी या पानात बसणार नाहीत म्हणून पाच निवडली, बाकीच्यांनी रागावू नका, पुढच्या वेळी घेते.

प्रश्न : ताई, मी २१ वर्षांचा आहे, सात वर्षं ट्रॉम्बोन वाजवतोय. मला जॅझच करायचंय, पण सगळे म्हणतात सॅक्सोफोन किंवा पियानो असता तर काम तरी मिळालं असतं, ट्रॉम्बोनला कोण बोलावतं. यावर पोट भरेल का?

लोक म्हणतात ते खोटं नाहीये रे. बिग बँडला, म्हणजे मोठ्या जॅझ बँडला, साधारण चार ट्रॉम्बोन लागतात, पण चार-पाच जणांच्या ग्रुपला एकच हॉर्न (फुंकायचं वाद्य) घ्यायचा असेल तर आधी सॅक्सोफोन किंवा ट्रम्पेटवाल्याला फोन जातो. आणि हे आजचं नाही. जे. जे. जॉन्सन, म्हणजे बीबॉप या वेगवान जॅझच्या स्पीडने स्लाइडवर स्वच्छ वाजवता येतं हे ज्याने जगाला दाखवलं तो माणूस, त्यालाही १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला पुरेसं काम नव्हतं म्हणून दोनेक वर्षं ब्लूप्रिंट तपासायची नोकरी करावी लागली होती. मग १९५४ मध्ये त्याने काय विंडिंग (Kai Winding) या ट्रॉम्बोनवाल्याबरोबर दोन ट्रॉम्बोनचा ग्रुप काढला, तो चालला. पण मला त्याच्या पुढच्या गोष्टीत जास्त रस आहे. तो लिहीत राहिला. १९६१ मध्ये ट्रम्पेटवाल्या डिझी गिलेस्पीसाठी ब्रासचा (पितळी वाद्यांचा) अख्खा अल्बम त्याने लिहिला, आणि १९७० मध्ये लॉस एंजेलिसला जाऊन सिनेमा-टीव्हीचं संगीत करायला लागला.

एकटा तोच असता तर मी म्हटलं असतं अपवाद आहे. पण मेल्बा लिस्टन, बॉब ब्रुकमायर, स्लाइड हॅम्प्टन, ही सगळी ट्रॉम्बोनवाली आणि सगळी दुसऱ्यांसाठी अरेंजमेंट, म्हणजे कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते, लिहिणारी. मला याचं कारण बसायच्या जागेत दिसतं. ट्रम्पेटला वरची मेलडी असते, बासला खालचा पाया असतो, आणि आपण मधे बसून कॉर्डचा तिसरा नाहीतर सातवा सूर धरून असतो, म्हणजे कॉर्ड हसरी की उदास ते ज्याच्यावर ठरतं तोच सूर बरेचदा आपल्याकडे असतो. वर्षानुवर्षं असं मधे बसून ऐकलं की हार्मनी आतून कशी बांधलीय ते कानाला आपोआप कळायला लागतं. हे शिक्षण तुला फुकट मिळतंय, ते वाया घालवू नकोस.

म्हणून माझं म्हणणं असं की कुणी बोलावेल याची वाट बघत रियाज करायचा आणि मग निराश व्हायचं, यापेक्षा आत्तापासून लिही. जे चार मित्र खरोखर तुझ्याबरोबर वाजवतात त्यांच्यासाठी महिन्याला एक ट्यून, आणि ती त्यांच्याकडून वाजवून घे, नुसती कॉम्प्युटरवर ऐकू नकोस कारण कॉम्प्युटरला श्वास घ्यावा लागत नाही. दोन वर्षांत तुझ्याकडे वीसेक ट्यून असतील, त्यातल्या पाच-सहा चांगल्या निघतील, आणि तेवढ्यावर एक पूर्ण कार्यक्रम उभा राहतो ज्यात ट्रॉम्बोन लागतोच, कारण तो तू लिहिलाय.

आणि पोटाचं म्हणशील तर सुरुवातीला बहुतेक कामं ऐन वेळी कुणाच्या तरी बदली वाजवायची असतात. तिथे तुझा सोलो कुणी आधी बघत नाही. समोर ठेवलेलं पान पहिल्या झटक्यात वाचता येतं का, सूर बाकीच्यांशी जुळतो का आणि वेळेवर पोचतोस का, एवढंच बघतात. बास ट्रॉम्बोन (खालच्या सुरांचा, जरा मोठा) जमत असेल तर तोही तयार ठेव, चांगले बास ट्रॉम्बोनवाले सगळीकडे कमीच असतात. आठवड्यातले दोन दिवस शिकवणी धर. ते कमीपणाचं समजू नकोस, त्याबद्दल खालच्या पत्रात लिहितेय.

प्रश्न : मी ४१ वर्षांचा. सकाळी शाळेत ब्रास शिकवतो, संध्याकाळी घरी विद्यार्थी, ओळीने सहा-सात जण. पैशाची चिंता मिटली पण माझं वाजवणं संपलंय असं वाटतं. परवा एका कार्यक्रमात वरच्या पट्टीतला साधा सोलो अर्ध्यात सोडावा लागला, ओठच चालेनात. आता मी फक्त मास्तरच का?

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण या जागी मी स्वतः चार वर्षं होते.

आधी ओठांचं. दिवसभर शिकवताना आपण प्रत्येक मुलाबरोबर वाजवत बसतो, तेही त्यांच्या मधल्या पट्टीत, जोरात, आणि मधे विश्रांती नसते. संध्याकाळपर्यंत ओठ थकलेले असतात पण त्यांचा खरा रियाज मात्र काहीच झालेला नसतो. मी केलं ते एवढंच की पहिला विद्यार्थी यायच्या आधीची चाळीस मिनिटं माझी. लाँग टोन (एकच सूर लांब धरणं) अगदी हळू आवाजात, मग लिप स्लर (नुसत्या ओठांनी एका सुरावरून दुसऱ्यावर जाणं), मग एखादी ट्यून बारा वेगवेगळ्या मूळ सुरांवरून (key), आणि जेवढं वाजवलं तेवढाच वेळ माउथपीस खाली. वर्गात एकदाच वाजवून दाखवायचं, नंतर गाऊन दाखवायचं. पहिले दोन महिने काही फरक दिसत नाही, त्या वेळी सोडू नका. वरचे सूर येत नाहीत म्हणून माउथपीस ओठांवर दाबत असाल तर ते मात्र आजच थांबवा, दाबल्याने ओठाचं रक्त अडतं आणि तो अजून लवकर थकतो. हवेचा वेग वाढवा. दुखत असेल किंवा ओठ ऐकतच नसेल तर वाट न बघता डॉक्टरला दाखवा.

कानांचंही बघा, हे कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम सांगते. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागी पाळायची मर्यादा मानतात आणि पुढच्या दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ९१ला दोनच तास. छोट्या खोलीत दोन मुलं ट्रॉम्बोन फुंकत असली तर एवढा आवाज सहज होतो. वादकांसाठीचे इअरप्लग मिळतात, ते लावून शिकवा.

आता मास्तरचं. शिकवण्याने माझं वाजवणं सुधारलं हे मी अगदी मनापासून सांगते, पण कधी, तर जेव्हा मी मुलांना कारण सांगायला लागले. आमच्या इथे बटणं नाहीत. स्लाइड थांबवायच्या सात जागा, म्हणजे पोझिशन, प्रत्येक अर्ध्या सुराने खाली, आणि प्रत्येकीचं अंतर आधीच्यापेक्षा थोडं जास्त कारण नळी लांब होत जाते. एकाच पोझिशनवर ओठांनी जे एकावर एक सूर निघतात ते हार्मोनिक, त्यातला सातवा जात्याच उतरलेला, जवळजवळ एक तृतीयांश अर्ध्या सुराने, म्हणून वरचा जी (G) सूर दुसऱ्या पोझिशनवर घेताना स्लाइड थोडी आत ओढावी लागते. हे माझा हात वर्षानुवर्षं करत होता. पण एका मुलीने विचारलं ‘इथे आत का?’ आणि मला उत्तर देता येईना. त्या रात्री बसून पूर्ण हार्मोनिक सिरीज कागदावर मांडली, आणि खरं सांगते, त्यानंतर माझा सूर जास्त पक्का झाला. ब्रुकमायरनेही उतारवयात कॉन्झर्व्हेटरीत कॉम्पोझिशन शिकवलं आणि तेव्हाही तो लिहीतच होता.

एक व्यवहाराची गोष्ट. फी तासाला घेऊ नका, टर्मची आगाऊ घ्या, आणि न सांगता बुडवलेला तास भरून मिळणार नाही हे पहिल्या दिवशी लेखी द्या. सहा-सातवरून पाच विद्यार्थी करणं त्याशिवाय परवडत नाही, आणि तुम्हाला ते करायचंय.

प्रश्न : माझी एक ट्यून आमच्या बँडने रेकॉर्ड केली. आता ड्रमर म्हणतो की ताल त्याने बसवला म्हणून कॉम्पोझर म्हणून त्याचंही नाव हवं. भांडण नकोय, पण काय बरोबर?

मेलडी आणि कॉर्ड तुझ्या असतील तर जॅझमध्ये साधारणपणे कॉम्पोझर तू. त्याने ताल बसवला ते अरेंजमेंटमधलं योगदान, आणि सोलो ज्याचा त्याचा परफॉर्मन्स. पण तो ताल काढला तर ट्यून ओळखूच येणार नाही अशी असेल तर त्याला हिस्सा द्यायला काय हरकत आहे? एकत्र बसा, कुणाचा किती टक्के ते एका कागदावर लिहा, सगळ्यांच्या सह्या, तारीख. आणि तोच आकडा कॉपीराइट सोसायटीत नोंदवा, कारण कॉम्पोझरची रॉयल्टी नोंदीवरून येते, आठवणीवरून नाही.

ड्यूक एलिंग्टनच्या बँडमधला हुआन तिझोल हा आपल्यातलाच, वॉल्व्ह ट्रॉम्बोन (स्लाइडऐवजी बटणांचा) वाजवायचा. ‘कॅराव्हॅन’ या ट्यूनचे हक्क त्याने पब्लिशरला २५ डॉलरला विकले असं सांगतात, ती जगभर गाजल्यावर त्याने मागणी केली तेव्हा कुठे त्याला रॉयल्टीत वाटा मिळाला. त्याचं ऐकलं तरी, सगळ्यांचं ऐकत नाहीत. म्हणून सही करताना ‘सर्व हक्क’ हे शब्द दिसले की थांबायचं, घरी नेऊन वाचायचं.

प्रश्न : ताई, मी सहा वर्षांपूर्वी बँड सोडला आणि ऑफिसची नोकरी धरली. दौऱ्यांवर एकटी मुलगी म्हणून जे सोसलं ते परत नको होतं. पण आता रात्री ट्यून सुचतात. ३४व्या वर्षी परत येणं वेडेपणा आहे का?

नाही गं, अजिबात नाही.

मेल्बा लिस्टनचं सांगते. १९४९ मध्ये गायिका बिली हॉलिडेबरोबरच्या दौऱ्यात अमेरिकेच्या दक्षिण भागात त्या बँडचे फार हाल झाले, आणि त्यानंतर तिने वाजवणंच सोडलं, काही वर्षं ऑफिसात नोकरी केली. एवढी मोठी कलाकार! मग १९५६ मध्ये गिलेस्पीच्या बँडमधून परत आली, वाजवायला आणि लिहायलाही, आणि १९५८ मध्ये ट्रॉम्बोनवाल्यांना घेऊन स्वतःच्या नावाचा अल्बम काढला. १९७०च्या दशकात काही वर्षं जमैकात शिकवलं. १९८५ मध्ये पक्षाघात झाला, वाजवणं कायमचं थांबलं, तरी ती कॉम्प्युटरच्या मदतीने पियानोवाल्या रँडी वेस्टनसाठी अरेंजमेंट करत राहिली. तिचं आयुष्य वाचून मला नेहमी वाटतं की तिचं वाजवणं दोनदा तुटलं पण लिहिण्याने तिला धरून ठेवलं.

तर तू परत ये, पण जुन्या दारानेच यायला पाहिजे असं नाही. आधी लिही. नोकरी ठेव, रात्री सुचलेलं मोबाइलवर गाऊन ठेव, शनिवारी कागदावर उतरव. ओठ सहा-आठ महिन्यांत बऱ्यापैकी येतील, रोज वीस मिनिटांपासून सुरुवात कर, पहिल्याच आठवड्यात तासभर वाजवू नकोस. आणि वाजवायची वेळ येईल तेव्हा माणसं तू निवड, तुझ्या ट्यून आहेत म्हटल्यावर फोन तू करणार आहेस. जे सोसलंस ते तुझ्या चुकीने नव्हतं, एवढं लक्षात ठेव.

प्रश्न : आमची मुलगी ८ वर्षांची, तिला ट्रॉम्बोनच हवाय. हात सातव्या पोझिशनपर्यंत पोचत नाही. आणखी तीन-चार वर्षं थांबवू का? की वॉल्व्हचा घेऊ?

थांबवू नका. मेल्बा लिस्टनच्या हाती ट्रॉम्बोन आला तेव्हा ती सात वर्षांची होती. पहिल्या चार-पाच पोझिशनमध्ये भरपूर वाजवता येतं, सहावी-सातवी हात वाढला की येते. पुढचे पक्के दात आले असतील तर झालं. वाद्य हलकं बघा, प्लास्टिकचेही बरे मिळतात, आणि एफ अटॅचमेंटचं (अंगठ्याने जादा नळी जोडता येते ते) आत्ता घेऊ नका, सहाव्या पोझिशनचा सी (C) सूर त्यात पहिल्यावर मिळतो हे खरं पण खांद्याला फार जड होतं.

वॉल्व्हचं म्हणाल तर ब्रुकमायर आयुष्यभर वॉल्व्हवर वाजवत होता आणि सुंदर वाजवत होता, पण सुरुवात स्लाइडवर करू द्या, कान तिथे तयार होतो. फक्त स्लाइडवर पेनने खुणा करून देऊ नका. सूर आधी तिला गाऊ दे, मग स्लाइड हलवून तो शोधू दे, चुकला तर परत गाऊ दे.